हेदवाडीचे सतरा दिवस

१

सकाळी सव्वाआठला हेदवाडीहून फोन यायचा. शेरॉन आवासकरच्या घरातलं घड्याळ मागेपुढे व्हायचं, पण चांगोचा फोन कधी चुकला नाही. कुंडेरी नदीच्या काठावर सिमेंटची एक खोली, तिथून पात्रात उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेने रोवलेल्या, मीटर-सेंटीमीटरच्या खुणा रंगवलेल्या पट्ट्या, एवढंच ते सरिता मापन केंद्र. आठ वाजता चांगोने पाणी पट्टीवर कुठवर आलंय ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि फोन करायचा. मे महिन्यात कुंडेरीत धोंड्यांशिवाय काही नसतं, त्यामुळे बोलणं ठरलेलं.

“बाई, कोरडं हाय.”

“बरं, चांगोमामा.”

शेरॉनची आई, जोकबेद, चहाचा कप पुढे सरकवत म्हणायची, “कोरडं आहे हे सांगायला माणूस ठेवलाय. धन्य गं तुझी कंपनी!”

आईचं अगदीच चूक नव्हतं. पण या धंद्यात कोरडं आहे हेसुद्धा लिहावं लागतं. लिहिलं नाही तर त्याचं ‘माहीत नाही’ होतं, आणि इंजिनीयर माणूस दुष्काळाला भीत नाही तेवढा ‘माहीत नाही’ला भितो. पनवेलच्या नव्या पाणीपुरवठा योजनेसाठी कुंडेरीतून वर्षाकाठी किती पाणी मिळेल, हा हिशेब शेरॉनच्या कंपनीकडे आला होता. त्यासाठी तीस वर्षांची सलग नोंद हवी. ती होतीही. फक्त २००१ सालच्या ११ जुलैपासून २७ जुलैपर्यंतचे सतरा दिवस नव्हते. पान फाटलेलं नव्हतं, शाई फुटलेली नव्हती. तारखा ठळक अक्षरात एकाखाली एक लिहिलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे काहीही नव्हतं.

ते सतरा दिवस भरायचं काम शेरॉनचं. त्यात जादूटोणा काही नाही. दहा किलोमीटर खाली, पुलाजवळ दुसरं केंद्र आहे आणि त्याची त्या दिवसांची नोंद शाबूत आहे. वर इतकं पाणी असलं की खाली किती असतं, हे बाकीच्या वर्षांवरून कळतं. मग खालच्या आकड्यावरून वरचा काढायचा, डोंगरातल्या पावसाशी ताडून बघायचा आणि भरायचा. खालच्या केंद्राचे जुने तक्ते हाताने लिहिलेले, पुसट. एका दिवसाचा आकडा काढायला अर्धा दिवस जाई. बारा वर्षं शेरॉन हेच करत आली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. आपण खोटं लिहीत नाही, बुजलेलं उकरून काढतो, असं ती म्हणायची.

सोमवारी तिने पहिला दिवस भरला. ११ जुलै २००१, एक मीटर वीस.

२

मंगळवारी सव्वाआठला फोन आला.

“बाई, एक वीस.”

शेरॉनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “काय म्हणालात?”

“एक वीस हाय पानी.”

“मे महिन्यात कुठलं पाणी, चांगोमामा?”

चांगो म्हणाला, “जे हाय ते सांगतो, बाई,” आणि त्याने फोन ठेवला.

पट्टी वाचणारी माणसं घरबसल्या आकडे ठोकतात, ही काही नवी गोष्ट नाही. पण आळशी माणूस कोरड्या नदीला कोरडीच म्हणतो. त्यात डोकं चालवावं लागत नाही. त्या दिवशी शेरॉनने १२ जुलै भरला, एक पस्तीस. बुधवारी सकाळी चांगो म्हणाला, “एक पस्तीस.” गुरुवारी एक नव्वद. शुक्रवारी दोन दहा. ती आज जो आकडा भरी तो उद्या सकाळी तिच्याच कानात परत येई.

तिने केतनसरांना सांगितलं. केतन तिचा वरिष्ठ, हसतमुख माणूस, कशाचाही ताप करून न घेणारा.

“अगं, आपली फाइल दहा जणांना उघडता येते. त्या म्हाताऱ्याचा कोणीतरी भाचा-पुतण्या ऑफिसात चिकटला असेल. पाणी मुरतंय ते नदीत नाही, आपल्या ऑफिसात.”

शेरॉनला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा. दहा दिवस ती तेच स्वतःला सांगत राहिली. आकडे चढत गेले आणि चांगोचा आवाज रोज थोडा थोडा बसत गेला. कामाच्या चौदाव्या दिवशी मात्र तिने फाइल उघडलीच नाही. २४ जुलैचं गणित तिने घरी, विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने केलं, उत्तराखाली रेघ मारली आणि बिल पर्समध्ये घालून पर्स कपाटात ठेवली. चार साठ. हा आकडा तिच्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नव्हता.

सकाळी आठ वाजून पंधरा मिनिटांनी चांगो म्हणाला, “चार साठ, बाई. आता हुंबऱ्याच्या आत आलंय.”

३

“शब्बाथला कुठे निघालीस?” शनिवारी सकाळी आईने विचारलं; त्यांच्या ज्यू घरात हा दिवस कामाचा नसे. शेरॉन बुटांच्या नाड्या बांधत होती.

हेदवाडीला ती पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. डोक्यावर रणरणतं ऊन. कुंडेरीचं पात्र हाडासारखं पांढरं पडलं होतं, एका कुत्र्यालाही पिता येईल एवढं पाणी त्यात नव्हतं. तिला हसू आलं. म्हाताऱ्याने चांगलं बनवलं आपल्याला! मग तिची नजर पट्टीवर गेली.

चार साठपर्यंत पट्टी ओली होती. त्या खुणेवर रेघ ओढल्यासारखी कड होती. वरचा भाग तापलेला, हात लावला तर चटका बसेल असा. खालचा भाग गार. शेरॉनने बोट फिरवलं, बोटाला गाळ लागला. पायऱ्याही त्या रेषेच्या खाली ओल्या होत्या, आणि ती पाहत उभी राहिली तेवढ्या वेळात भर उन्हात त्या वाळल्या नाहीत. कोणीतरी पाणी ओतलं असेल, तिने मनाशी म्हटलं. कोणी? कशासाठी? इतक्या सरळ रेषेत? ती चार पायऱ्या खाली उतरली. तिला काही झालं नाही. फक्त वरून येणारा पाखरांचा आवाज दबल्यासारखा झाला, विहिरीत उतरल्यावर होतो तसा. ती चटकन वर आली.

चांगो खोलीच्या दारात उभा होता. साठीचा, काटक, ठाकर. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं.

“खाली या ना, चांगोमामा. दाखवा कुठे आहे पाणी.”

“मी नाय उतरत. मला पवता येत नाय.”

तिला राग आला. तिने पर्समधून बिल काढून त्याच्यापुढे धरलं. “हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला?”

“कोनी नाय. पट्टीने सांगितला.” त्याने बिलाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “म्हंजे तुमी लिवताय होय ते? त्या सालातले दिस?”

“ते रिकामे होते. भरायला लागतात.”

“रिकामे नव्हते, बाई. ठेवले होते.” तो खाली बसला. “त्या साली सम्दा डोंगर पान्याने फुगला होता. माजा सासरा तवा पट्टी वाचायचा. त्याने वही मिटली नि बोलला, आता लिवायचं नाय. सतरा दिस वही उघडली नाय. नि पानी वाडीत आलं नाय.”

“पण खालच्या पुलावर पूर आलेला लिहिलाय.”

“ते खालच्यांना इचारा.”

शेरॉन शिकलेली बाई. न लिहिल्याने पाणी येत नाही, यावर ती विश्वास ठेवणार नव्हती. पण पुढच्या तीन दिवसांचे आकडे तिने कच्चे काढून ठेवले होते आणि ते तिला आठवले. २५ तारखेला पाच पंच्याण्णव. २६ तारखेला सहा पंच्याऐंशी. वाडीतल्या सगळ्यात खालच्या घराचा उंबरा चार दहावर होता आणि सगळ्यात वरच्या घराचं आढं साडेसहावर.

“किती दिस राहिले?” चांगोने विचारलं.

“तीन.”

“ते लिवू नका, बाई. तुमच्या पाया पडतो.”

तो खरंच वाकला. तिने त्याला धरून उठवलं आणि शब्द दिला.

४

शब्द तिने पाळला. तिथेच घोटाळा झाला.

अहवालाच्या तक्त्याखाली छापलेलंच असतं, कोणताही रकाना रिकामा सोडू नये. सरकारी कागद ज्याने आयुष्यात एकदा तरी भरलाय त्याला पुढचं सांगायला नको. सांगण्यासारखं नसलं की तिथे ‘निरंक’ लिहायचं. तक्रारी निरंक, प्रलंबित प्रकरणे निरंक. हात आपोआप चालतो. २५, २६ आणि २७ जुलैपुढे शेरॉनने प्रवाहाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं, आपण तीन दिवस वाचवले या समाधानात, आणि अहवाल केतनसरांकडे तपासायला पाठवला. आम्हाला माहीत नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण निरंक म्हणजे माहीत नाही नव्हे. निरंक म्हणजे काही नाही. प्रवाह शून्य.

“चार साठ,” रविवारी चांगो म्हणाला.

सोमवारी, “चार साठ.” मंगळवारीही तेच.

बुधवारी तो म्हणाला, “चार साठ. पानी हालत नाय, बाई. चढत नाय नि उतरत बी नाय.” त्याच्या आवाजाला घुमारा आला होता, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. दर शब्दानंतर काहीतरी हलकेच दारावर आपटत होतं.

“मी पुढचं लिहिलेलं नाही, चांगोमामा. शपथ.”

“तुमी कायतरी लिवलंय.”

पाणी घरात शिरल्याच्या नवव्या दिवशी त्याने आकडा सांगितला नाही. “वास सुटलाय,” एवढंच बोलला.

५

या खेपेला ती नदीकडे गेली नाही, सरळ वाडीत शिरली. सकाळचे दहा वाजले होते. अंगणात धूळ होती, धुळीत कोंबड्या टिपत होत्या आणि तीन-चार पोरं टायर फिरवत पळत होती. पोरांना पाहून शेरॉनचा जीव भांड्यात पडला. काही नाहीये. माणसांना वेड लागलंय आणि त्यांच्या नादाने मलाही.

मग समोरच्या घरातून एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन बाहेर आली. चांगोची बायको, चिंगी. लुगडं मांड्यांपर्यंत खोचलेलं. ती हळूहळू येत होती. पाऊल वर उचलायची, पुढे रेटायची, चाचपून टेकवायची, मग दुसरं. टोपलं तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. कोरड्या, सपाट अंगणात ती मांडीभर पाण्यातून चालावं तशी चालत होती. टायर फिरवणारी पोरं तिच्या अंगाजवळून सुसाट गेली, तेव्हा ती लाटेने ढकलल्यासारखी झुलली आणि तिने कुडाचा आधार घेतला.

शेरॉनने तिचे पाय पाहिले. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं होतात तसे पांढरे, सुरकुतलेले, आणि घोट्यांवर कातडी सुटायला लागलेली.

घराच्या भिंतींवर बाहेरून मांडीएवढ्या उंचीवर ओली रेघ होती, रेघेखाली शेवाळ. आत चांगो खाटेवर बसला होता आणि खाटेला चारी पायांखाली दोन-दोन विटा होत्या. शेजारी सखूबाई, त्याची म्हातारी बहीण, गुडघे छातीशी घेऊन कण्हत होती. नऊ दिवस ती जमिनीवर उतरली नव्हती.

“पोरांना काही होत नाही?” शेरॉनने विचारलं.

“ती मागनं जल्मली. त्या साली होतो त्यांनाच हाय.”

“मी गाडी पाठवते. सगळे पनवेलला चला. वर, डोंगरावर चला.”

“माजा गोरख जासईला हाय, कंटेनरच्या गोदामात. तवा चार सालांचा होता. तिथं बी त्याच्या मांडीएवढंच हाय. आमी जाऊ तिथं येतंय, बाई.” चांगोने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तेच तिला सोसवेना. “उभ्या पान्यात माणूस सडतो. वाहतं करा.”

“वाहतं केलं तर परवा छपराच्या वर जाईल. माझा खरा आकडा तोच आहे.”

सखूबाईचं कण्हणं थांबलं. ती ऐकत होती.

उपाय शेरॉनच्या डोक्यात पहिल्या खेपेपासून होता आणि तिने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. उतरते आकडे लिहायचे. धडधडीत खोटे. बारा वर्षांत एकदाही न केलेलं काम तिने त्या खाटेवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन केलं. २५ जुलै, तीन दहा. २६ जुलै, एक ऐंशी. २७ जुलै, नव्वद सेंटीमीटर. निरंक खोडलं. खालच्या केंद्राशी आता काही जुळत नव्हतं, पण त्याचा विचार नंतर.

ती बाहेर पडली तेव्हा वाडीतल्या सगळ्या दारांच्या खालून एकदम सळसळ ऐकू आली, उतारावरून पाणी ओढलं जातं तशी. टायर फिरवणारी पोरं थांबून इकडेतिकडे पाहायला लागली.

६

“तीन दहा,” दुसऱ्या दिवशी चांगो म्हणाला. त्याच्यामागे कोणीतरी हसत होतं. तिसऱ्या दिवशी, “एक ऐंशी. सम्द्यांच्या घरातनं गेलं. लई उपकार झाले, बाई.” शेरॉन त्या दिवशी आईच्या गळ्यात पडून रडली आणि आईला कारण काही सांगितलं नाही.

संध्याकाळी केतनसरांचा फोन आला.

“अहवाल बघितला. शेवटचे तीन दिवस तू वर फारच कमी पाणी दाखवलंस गं. खालच्या पुलावर तर पूर मोजलेला आहे, तो खोटा ठरवता येत नाही. मग मधलं पाणी आलं कुठून?”

“सर, राहू द्या ना तसंच.”

“राहू द्या कसं? गेलेलं पाणी कुठेतरी दाखवावं लागतं. मी केलंय अ‍ॅडजस्ट. दोन केंद्रांच्या मधे एकच नाला मिळतो, आपल्या पनवेलच्या मासळी बाजारामागचा. तिथे कधी पट्टीच नव्हती, कोण विचारतंय! तुझे तीन दिवस तिकडे टाकले. पंचवीसचं आत्ताच चढवलं, बाकीचे दोन उद्या सकाळी चढवतो.”

मासळी बाजारामागच्या नाल्याला लागून आवासकरांचं जुनं घर होतं. २००१ साली शेरॉन तेरा वर्षांची होती आणि त्याच घरात राहत होती.

सकाळी ती उठली ती आईच्या हाकेने.

“शेरॉन, मोरी तुंबलीय का गं? बघ ना, पाय ओले होतायत माझे.”

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जोकबेद साडीच्या निऱ्या उचलून उभी होती. फरशी लख्ख कोरडी होती. शेरॉनने आत पाऊल टाकलं आणि तिच्या घोट्याभोवती गार काहीतरी चढलं, पोटरीपर्यंत येऊन थांबलं. दिसत काहीच नव्हतं. टेबलाखाली, भिंतीशी, पाणी लपलपल्याचा आवाज मात्र होता.

तिने लॅपटॉप उघडला. केतनसरांच्या तक्त्यात नाल्यापुढे पंचवीस तारखेला चाळीस सेंटीमीटर होतं. खाली सव्वीसचा आकडा कच्चा लिहून ठेवला होता, दोन पंचवीस. जोकबेदची उंची पाच फुटांनाही दोन बोटं कमी.

सव्वाआठ वाजले. फोन वाजला.

“बाई, नव्वद. उतरलं सम्दं,” चांगो म्हणाला. “चिंगी अंगनात पाय वाळवत बसलीय. सखूबाईने भाकरी खाल्ली. तुमचं कल्यान होवो.”

शेरॉनने फोन ठेवला आणि लगेच केतनसरांना लावला. “सर, नाल्यावरचं पाणी काढा. आत्ताच्या आत्ता.”

“काढतो. अजून सव्वीसचं चढवलंही नाही. पण मधे दुसरा नाला नाही, शेरॉन. नाल्यावर नाही तर हेदवाडीला. तिसरी जागाच नाही. बोल, कुठे दाखवू?”

आई स्टुलावर चढायला बघत होती. या वयात काय हे थेर, असं स्वतःलाच म्हणत ती हसत होती. एक पाय तिने वर घेतला होता आणि दुसरा उचलत नव्हता.

“हेदवाडीला,” शेरॉन म्हणाली.

“आकडा?”

तो तिला पाठ होता. “सहा पंच्याऐंशी.”